एनएएसमधली डिस्क पुन्हा पुन्हा पूलमधून गळते: नवी डिस्क आणण्याआधी हे तपासा

घरी जोडलेल्या एनएएसची, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून साठवणाऱ्या सर्व्हरची, एक ठरलेली तक्रार आहे. जुना पीसी किंवा नवा छोटा मदरबोर्ड, चार डिस्क, ट्रूनास किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही ऑपरेटिंग सिस्टिम, वर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एक साठा. दोन-तीन महिने सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी पूल ‘डिग्रेडेड’ दिसतो, एक डिस्क ‘फॉल्टेड’ नाहीतर ‘रिमूव्ह्ड’. रीबूट केलं की तीच डिस्क साळसूदपणे हजर. रिसिल्व्हर, म्हणजे मागे राहिलेला डेटा डिस्कवर पुन्हा भरणं, काही मिनिटांत पूर्ण, त्रुटी शून्य. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मालक वैतागून नवी डिस्क आणतो आणि तीन आठवड्यांत नवी डिस्कही गळते.

रीबूटने बरी होणारी डिस्क सहसा आजारी नसते. खरोखर बिघडलेल्या डिस्कचे आकडे रीबूटने सुधारत नाहीत, ते वाढतच जातात. त्यामुळे आधी संशय घ्यायचा तो डिस्कपर्यंत जाणाऱ्या विजेवर, मग तिच्याकडून येणाऱ्या केबलवर, मग डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या कंट्रोलर कार्डवर, आणि सगळ्यात शेवटी डिस्कवर. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण पडद्यावर डिस्कचंच नाव लाल झालेलं असतं.

रीबूट करण्याआधी

मोह आवरा. रीबूट केलं की कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) चालू नोंदी पुसल्या जातात आणि खरा पुरावा त्यातच असतो. आधी शेलमध्ये जाऊन तीन गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्या: ‘झेडपूल स्टेटस’ला ‘व्ही’ पर्याय देऊन येणारं उत्तर, ‘डीमेसेज’ला ‘टी’ पर्याय देऊन वेळेसकट येणारी नोंद, आणि प्रत्येक डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ला ‘एक्स’ पर्याय देऊन मिळणारा अहवाल. (आज्ञा इथे उच्चाराने दिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या. ट्रूनासची जुनी ‘कोअर’ आवृत्ती फ्रीबीएसडीवर आहे, तिथे ‘डीमेसेज’चा हा पर्याय चालत नाही, वेळ ‘व्हार-लॉग-मेसेजेस’ या फाइलमध्ये मिळेल.) ही फाइल त्याच पूलवर ठेवू नका. लॅपटॉपवर घ्या.

दुसरं म्हणजे ‘डिग्रेडेड’चा अर्थ डेटा गेला असा नाही. आधार एकाने कमी झालाय इतकंच. रेडझी१ (एकच डिस्क गेली तरी तग धरणारी मांडणी) किंवा दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) असेल तर मात्र आता आणखी एक डिस्क गळली की खेळ संपला. म्हणून ज्या फोल्डरची दुसरी प्रत कुठेच नाही, ते आधी बाहेरच्या डिस्कवर काढा. लग्नाचे फोटो, जमिनीचे स्कॅन केलेले कागद, दुकानाच्या टॅलीचा बॅकअप. दुरुस्ती त्यानंतर.

सर्व्हर बंद केल्यावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कागदी चिकटपट्टीवर लिहून डिस्कच्या दर्शनी कडेला चिकटवा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात. त्या नावांवर विसंबून चुकीची, म्हणजे चांगली डिस्क बाहेर ओढणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत महागडा अपघात आहे.

आकडे काय सांगतात

झेडपूल स्टेटसमध्ये प्रत्येक डिस्कपुढे तीन रकाने असतात: रीड, राइट आणि चेकसम. रीड-राइटचे आकडे वाढले तर डिस्कने उत्तरच दिलं नाही किंवा चूक कळवली. फक्त चेकसम वाढला तर डिस्कने ‘हा घ्या डेटा’ म्हणून दिला, पण तो लिहिला होता तसा आला नाही. एकाच डिस्कवर चेकसम वाढत असेल तर केबल, पोर्ट किंवा डिस्क. सगळ्या डिस्कवर थोडाथोडा वाढत असेल तर कंट्रोलर, पॉवर सप्लाय किंवा रॅम. मिररच्या दोन्ही डिस्कवर अगदी सारखाच आकडा असेल तर डेटा लिहिण्याआधीच बिघडला होता, म्हणजे संशय रॅमवर. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग) बंद करून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती रॅम बाजूला काढायची, ‘एवढं चालतं’ म्हणायचं नाही.

‘रिमूव्ह्ड’ आणि ‘फॉल्टेड’ यांतही फरक आहे. रिमूव्ह्ड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क तिथे आहे हेच दिसेनासं झालं, जणू कुणी ती ओढून काढली. फॉल्टेड म्हणजे डिस्क दिसत होती, पण इतक्या चुका झाल्या की झेडएफएसने कंटाळून तिला बाजूला बसवलं. रिमूव्ह्ड दिसलं की विजेचा संशय दुप्पट करा.

कर्नलच्या नोंदीत दोन शब्द शोधा. ‘आयसीआरसी’ किंवा ‘बॅडसीआरसी’ म्हणजे डेटा डिस्क ते बोर्ड या वाटेत खराब झाला. ही केबलची सही आहे. ‘यूएनसी’ म्हणजे प्लॅटरवरचं ते सेक्टर (आतल्या फिरत्या चकतीवरचा डेटाचा छोटा कप्पा) डिस्कला स्वतःलाच वाचता आलं नाही. ही डिस्कची सही. याशिवाय ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ असं वारंवार येऊन लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर आणि मग दीडवर उतरत असेल, तर तेही केबल किंवा पोर्टचंच दुखणं. जोडणी नीट जमत नाही म्हणून दोन्ही बाजू हळू बोलून बघतायत.

आता ‘स्मार्टसीटीएल’ने दिलेला स्मार्टचा अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे म्हणजे बदललेली, संशयित आणि न वाचता आलेली सेक्टर. हे तिन्ही शून्य असतील तर डिस्कवर लगेच आळ घेऊ नका. १९९ म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळे जुन्या डिस्कवर तो २१४ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आज २१४ आहे आणि पुढच्या आठवड्यात २६० झाला, तर केबल बदला. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या क्रमांकांपुढे कोटींतले आकडे दिसतात आणि लोकांची झोप उडते. तो आकडा अशाच पद्धतीने साठवलेला असतो, त्यात चूक नाही.

मात्र सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित क्रमांक आहे १२, म्हणजे डिस्कला वीज मिळून ती किती वेळा चालू झाली. चारही डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर हा आकडा चौघींचा बरोबरीनेच वाढायला हवा, कारण पेटी चालू झाली की चारही एकदम चालू होतात. समजा तीन डिस्कवर ४१ आहे आणि गळणाऱ्या डिस्कवर ५८. याचा अर्थ सर्व्हर चालू असताना त्या एकाच डिस्कची वीज सतरा वेळा तुटून परत आली. नुसती लिंक रीसेट झाली तर हा आकडा वाढत नाही, वीज तुटली तरच वाढतो. डेटा केबल की पॉवर केबल हा वाद इथेच मिटतो. १९२ क्रमांकही सोबत पाहा. वीज अचानक गेल्यामुळे हेड घाईघाईने मागे घ्यावं लागलं की तो वाढतो. डिस्क वेगवेगळ्या वेळी घेतल्या असतील तर आजचे आकडे लिहून ठेवा आणि आठवड्याने फरकांची तुलना करा.

पेटीच्या आतली वीज

बारा क्रमांक एकाच डिस्कवर जास्त निघाला की पॉवर सप्लायकडून त्या डिस्ककडे जाणाऱ्या तारेवर बोट ठेवा. घरगुती एनएएसमध्ये नव्वद टक्के घोळ स्प्लिटरचा, म्हणजे एका तारेचे अनेक फाटे करणाऱ्या जोडाचा असतो. हा आकडा मोजलेला नाही, पण इथे पैज लावायला हरकत नाही.

हिशोब असा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते. एकदा वेग घेतला की सगळी मिळून ५ ते ८ वॉटवर येते. डिस्कच्या साटा (डिस्कची नेहमीची जोडणी) पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. त्यामुळे एका साटा कनेक्टरमधून ‘एकाचे चार’ करणारा स्प्लिटर लावला की चालू होताना आठ अँपिअरपर्यंतची मागणी साडेचार अँपिअरच्या कनेक्टरवर येते. पहिल्या दिवशी जळत नाही. पिना दर वेळी थोड्या तापतात, पकड सैल होते, संपर्काचा रोध वाढतो, आणि मग एखाद्या दिवशी स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना डिस्क क्षणभर उपाशी राहते. साटाहून साटा स्प्लिटर असेल तर त्यावर दोनच डिस्क.

चार डिस्क टांगायच्याच असतील तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून घ्या, त्याच्या पिना दणकट असतात. पण इथे दुसरी मेख आहे. मोलेक्स ते साटाचे जे स्वस्त अॅडॉप्टर एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेले असतात, त्यात तारा आतल्या आत सरकून एकमेकींना टेकतात. हे अॅडॉप्टर खरोखर पेट घेतात, डिस्कसकट. कनेक्टरच्या मागे टोपण असलेला, तारा एकेक करून दाबून बसवलेला प्रकार मागा. तार १८ गेजची हवी. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात’ म्हणाला तर हसून दुसऱ्या दुकानात जा.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्प्लिटरच नको. पॉवर सप्लायमधून थेट येणाऱ्या दोन वेगवेगळ्या साटा तारांवर डिस्क वाटून द्या. मॉड्युलर पॉवर सप्लाय असेल तर कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलीच तार वापरायची. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी कधी मॉडेलगणिकही बदलते. दुसऱ्या सप्लायची तार बसते, खटकाही लागतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन चारही डिस्क एका सेकंदात संपतात.

बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेली डिस्क अजिबात फिरतच नसेल तर तो वेगळा प्रकार. तिच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की ती बंद राहते. मोलेक्सवरून वीज दिली की चालते, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. किंवा पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ चिकटपट्टी) लावा.

डेटा केबल, कार्ड आणि एका वेळी एकच बदल

१९९ वाढत असेल तर केबल बदला, दोनशे रुपयांचं काम आहे. धातूची खटकी असलेली, अर्ध्या मीटरच्या आतली केबल घ्या. काही डिस्कच्या खाचेत खटकी अडकायला उंचवटाच नसतो, तिथे साधी घट्ट बसणारी केबल बरी. केबली झिप-टायने एकत्र आवळून सुबक जुडी बांधू नका. दिसायला छान दिसते, पण शेजारच्या केबलींचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. पेटीचं बाजूचं झाकण बंद करताना ते कनेक्टर दाबत नाही ना पाहा. दाबत असेल तर काटकोनातला कनेक्टर लावा. आणि साटाचा डेटा कनेक्टर पन्नासेक वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. चाचण्यांत वर्षभर राबवलेली केबल पक्क्या जोडणीत वापरू नका.

केबल की पोर्ट की डिस्क, हे ठरवायची रीत एकच. सर्व्हर बंद करा. गळणाऱ्या डिस्कची आणि एका निरोगी डिस्कची फक्त डेटा केबल डिस्कच्या टोकाला अदलाबदल करा, बाकी कशालाही हात लावू नका. झेडएफएस डिस्कला तिच्यावर लिहिलेल्या खुणेने ओळखतं, पोर्टने नाही, त्यामुळे पूल बिनतक्रार उभा राहतो. आता स्क्रब लावा. चूक निरोगी डिस्कवर गेली तर दोष केबल किंवा पोर्टचा. मग नुसती केबल नवी घालून पुन्हा पाहा. चूक जुन्याच डिस्कवर राहिली तर पॉवर कनेक्टरची अदलाबदल करा. तरीही तिथेच राहिली तर आता डिस्कवर आळ घ्या. एकाच दिवशी केबल, स्प्लिटर आणि पोर्ट तिन्ही बदलले तर दुखणं जाईलही, पण कशाने गेलं ते कळणार नाही, आणि तीन महिन्यांनी तीच खराब केबल खणातून काढून तुम्हीच पुन्हा वापराल.

बोर्डावरचे पोर्ट संपले म्हणून कार्ड घातलं असेल तर त्यावरची चिप पाहा. जेएमबी५८५ पाच पोर्ट स्वतः देते, एएसएम११६६ सहा. ही कार्डं ठीक चालतात. पण स्वस्तातलं दहा, सोळा, वीस पोर्टांचं कार्ड म्हणजे आत पोर्ट मल्टिप्लायर, एकाच वाटेवर अनेक डिस्क बसवणारी चिप. त्यातली एक डिस्क अडखळली की त्या चिपवरच्या सगळ्याच डिस्कची लिंक रीसेट होते. तीन-चार डिस्क एकदम गळत असतील आणि असं कार्ड असेल तर पुढचं काहीही तपासू नका, कार्ड काढा.

सर्व्हरमधून निघालेली एलएसआयची एचबीए (डिस्क जोडायची) कार्डं, म्हणजे ९२११-८आय, ९२०७-८आय वगैरे, आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा सिस्टिमला दाखवणारं फर्मवेअर) उत्तम चालतात. पण ती घडवली आहेत सर्व्हरच्या घोंघावणाऱ्या पंख्यांसाठी. घरच्या शांत टॉवरमध्ये त्यांच्या हीटसिंकवर वारा पोहोचतच नाही. लक्षण असं की दिवसभर ठीक, रात्रीचा लांब स्क्रब चालू झाला की तासा-दोन तासांनी एकाच केबलवरच्या चारही डिस्कवर चुका. हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवा आणि जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

वीजबिल वाचवण्यासाठी ‘पॉवरटॉप’चं ऑटो-ट्यून चालवलं असेल तर तेही मागे घ्या. साटा लिंक झोपवण्याची ती सेटिंग काही डिस्कना मानवत नाही. उठताना त्या वेळेत उत्तर देत नाहीत. लिंकचं धोरण ‘मॅक्स परफॉर्मन्स’वर ठेवा. डिस्क थांबवून ठेवण्याची सोयही महिनाभर बंद करून बघा.

भिंतीपलीकडची वीज

आता नाशकातल्या घरांचा खास प्रश्न. इथे बहुतेकांकडे इन्व्हर्टर असतो आणि ‘घराला इन्व्हर्टर आहे, मग एनएएसला वेगळा यूपीएस कशाला’ असा हिशोब केला जातो. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये वीज तुटल्यावर तग धरायची ताकद पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद असते, स्वस्त सप्लायमध्ये त्याहूनही कमी. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर जायला त्याला याहून जास्त वेळ लागतो. पंखा-ट्यूबला ते कळतही नाही. एनएएस कधी तग धरतो, कधी रीबूट होतो, आणि कधी मधल्यामधे लोंबकळतो: मदरबोर्ड टिकला, पण १२ व्होल्टची धार क्षणभर बसली आणि एक-दोन डिस्क गळल्या. हा तिसरा प्रकार फसवा असतो, कारण सर्व्हर बंद पडलेला नसल्याने लाइट गेल्याचा संशयच येत नाही.

म्हणून डीमेसेजमधली वेळ महत्त्वाची. डिस्क गळण्याच्या वेळा कागदावर लिहा आणि घरातल्या वेळांशी जुळवा. नळाला पाणी येतं तेव्हा सोसायटीची मोटर सुरू होते का? वरच्या मजल्यावरचा एसी त्याच सुमाराला लागतो का? सातपूर-अंबडच्या कारखान्यांलगत राहत असाल तर पाळी सुरू होण्याच्या वेळा? मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं. दिवा नुसता मिचकावतो, तेवढं डिस्कला पुरेसं असतं.

उपाय म्हणजे एनएएससाठी स्वतंत्र लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजचे चढउतार स्वतः सावरणारा) यूपीएस. ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा पुरतो. चार डिस्कचा एनएएस आणि राउटर मिळून ७० वॉट धरले तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी वीसेक मिनिटं खेचते, दोन-अडीच वर्षांनी त्याच्या निम्मी. हा यूपीएस इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावायचा असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर यूपीएस बऱ्याचदा आलेली वीज ओळखतच नाही. तो स्वतःच्या बॅटरीवर बसून राहतो आणि इन्व्हर्टर जिवंत असतानाही वीस मिनिटांत सगळं बंद. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, बदलाचा वेळ बराच कमी होतो.

यूपीएस घेताना त्याला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का ते आधी विचारा. बऱ्याच साध्या मॉडेलांना नसतो. तो नसेल तर एनएएसला लाइट गेल्याचं कळणार कसं? ट्रूनासमध्ये यूपीएस सेवा म्हणजे आतून ‘नट’ हेच सॉफ्टवेअर. एपीसीसारख्या कंपन्यांच्या यूपीएसना ‘यूएसबीहिड-यूपीएस’ ड्रायव्हर, मेगाटेक पद्धतीच्या अनेक स्वस्त यूपीएसना ‘नटड्रव्ह-क्यूएक्स’. ‘बॅटरी कमी झाली की बंद कर’ हा पर्याय टाळा, कारण थकलेली बॅटरी ‘कमी’ सांगते आणि त्याच दमात संपते. ‘बॅटरीवर गेल्यापासून १२० सेकंदांनी बंद कर’ हे बरं. आणि बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू’ ही सेटिंग बंद ठेवा. लाइट आली की पहिल्या पाच मिनिटांत दोनदा जाते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक वेळी चार डिस्क फिरायला लागून पुन्हा आपटायच्या कशाला? मागाहून वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून चालू करण्याची सोय) उठवा.

अर्थिंगही बघून घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या जुन्या घरांत दोन पिनांचे बोर्ड अजून सापडतात. तिथे तीन पिनांची वायर अॅडॉप्टरने दोनात कोंबली जाते, आणि पेटीला हात लावला की मुंग्या येतात. ते पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून उतरणारं व्होल्टेज असतं. अर्थिंग नसल्याने ते वाट शोधत लॅन किंवा एचडीएमआय केबलमधून जातं. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत ठीक, पाचाच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडीठाक पडली की चांगलं अर्थिंगही ढेपाळतं. खड्ड्यात पाणी ओतून पुन्हा मोजा.

वळवाच्या पावसात विजा कडाडल्यानंतर लॅन पोर्ट चालू दिसतो पण वेग १००० वरून १०० वर येतो, असं झालं तर पोर्ट अर्धा गेलाय. गच्चीवरून ओढलेली तांब्याची नेट केबल किंवा कॅमेऱ्याची केबल एनएएसच्याच स्विचला जोडलेली असणं हे त्याचं नेहमीचं कारण. तिथे फायबर घ्या.

उष्णता

डिस्क खोलीपेक्षा आठ-दहा अंश गरम चालते. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेल्या एनएएसमधली डिस्क पन्नास ओलांडते. ४५च्या आत ठेवायचं लक्ष्य धरा. डिस्कच्या समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा पुरतो, फक्त तो हवा आत ओढणारा हवा आणि जाळी महिन्याला झाडलेली हवी. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेने रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. मऊ खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉवर सप्लायच्या मागच्या फटींना जाळी लावा. पालीला ती ऊब फार आवडते आणि शेवट दोघांचाही वाईट होतो.

खरंच डिस्क असेल तर

५, १९७, १९८ वाढतायत, नोंदीत यूएनसी आहे, स्मार्टची लांब चाचणी ‘रीड फेल्युअर’ म्हणून थांबते. मग डिस्कच. पण त्याआधी मॉडेल क्रमांक बघा. एसएमआर प्रकारच्या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. रिसिल्व्हरच्या सलग माऱ्यात ती मिनिटामिनिटांचे थांबे घेते आणि झेडएफएस तिला मेलेली समजतं. सीगेट बाराकुडाची एसटी४०००डीएम००४ अशीच आहे. वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२०मध्ये मान्य केलं की २ ते ६ टीबीच्या काही ‘रेड’ डिस्क, ज्यांच्या क्रमांकात ईएफएएक्स येतं, एसएमआर आहेत. ‘रेड प्लस’ आणि सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकावर एक न चढवलेल्या आहेत. एसएमआर डिस्क बिघडलेली नसते, इथे ती चुकीच्या जागी असते. बॅकअप साठवायला वापरा.

साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरशी मिनिटभर झुंजत बसू शकते. लिनक्स मात्र ३० सेकंदांतच धीर सोडून लिंक रीसेट करतं, आणि एका सेक्टरच्या दुखण्यापायी पूर्ण डिस्क बाहेर जाते. ‘स्मार्टसीटीएल’मधून ‘एससीटीईआरसी’ (चूक सावरायला डिस्कला दिलेली मुदत, सेकंदाच्या दहाव्या भागांत) ७०,७० असं ठेवलं की डिस्क ७ सेकंदांत हात वर करते. ही सेटिंग वीज गेली की विसरली जाते, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क ते मानतच नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंदांवर न्या.

बदलताना रिकामा पोर्ट असेल तर जुनी डिस्क काढण्याआधी नवी शेजारी जोडा आणि मग ‘रिप्लेस’ द्या. जुनीवरचं जे वाचता येतं ते वापरलं जातं. नवी डिस्क आधी तावून घ्या. ‘बॅडब्लॉक्स’ या साधनाच्या लिहिण्याच्या चाचणीला ४ टीबीसाठी अडीच दिवस लागतात. चार नमुने, प्रत्येक लिहायचा आणि वाचायचा, एका फेरीला सात-साडेसात तास. चाचणी डिस्क पूर्ण पुसते, तेव्हा अनुक्रमांक दोनदा वाचा. स्वस्तात मिळालेल्या ‘नव्या’ डिस्कवर वापराचे तास शून्य दिसले तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, तो आकडा पुसता येतो. सीगेट असेल तर स्मार्टसीटीएलच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ‘फार्म’ नोंद (डिस्कने आत ठेवलेली वापराची वेगळी नोंद) वाचा आणि तिथले तास ताडून पाहा.

दुरुस्तीनंतर ‘झेडपूल क्लिअर’ देऊन आकडे शून्यावर आणा, १२, १९२ आणि १९९ चौघींचे लिहून ठेवा, आणि लागोपाठ दोन स्क्रब करा. ते निर्वेध पार पडले की एक चाचणी उरते. घरात सगळे जागे असताना यूपीएसची पिन भिंतीतून काढा. दोन मिनिटांनी एनएएस स्वतःहून नीट बंद व्हायला हवा. पिन परत लावून तो चालू करा आणि अहवाल पाहा: चारही डिस्कचा १२ क्रमांक बरोबर एकने वाढलेला हवा, आणि १९२चा आकडा एखाद्याच डिस्कवर वेगळा वागलेला नसावा. एक डिस्क दोनने वाढलेली दिसली, तर तिचा पॉवर कनेक्टर अजून सैल आहे.